कातकाम आणि आमचे सुशिक्षित हात

'कातीव' हा शब्द आमच्या टीकाकारांच्या फार आवडीचा आहे. नायिकेचें नाक कातीव असतें, जुन्या देवळाचा खांब कातीव असतो, आणि एखाद्या कवीची शैली आटोपशीर असली म्हणजे तीही कातीव ठरते. परंतु हें विशेषण ज्या क्रियापदापासून निघालें, ती क्रिया आपल्यापैकीं कितींनीं स्वतःच्या हातानें केली आहे, असें भर सभेंत विचारलें तर शांतता पसरेल. कातणें म्हणजे सूत कातणें, एवढें गांधीजींच्या चरख्यामुळें सर्वांस ठाऊक आहे. पण मराठींत याच क्रियापदाचा दुसराही अर्थ आहे. लांकडाचा ठोकळा दोन टोकांमध्यें धरून गरगर फिरवावयाचा आणि तो फिरत असतां त्यावर पटाशी टेकवून त्यास गोल आकार द्यावयाचा, हेंही कातणेंच. व हें काम करणारा तो कातारी. लाटणें, भोंवरा, पाळण्याचे दांडे, पलंगाचे गोल पाय, बुद्धिबळाचीं प्यादीं, सावंतवाडीचीं लाखेनें रंगविलेलीं खेळणीं, हीं सर्व कातकामांतून निघालेलीं. शब्द आमच्या लेखणींत राहिला; कातारी मात्र आमच्या ओळखींतून केव्हांच गेला.

हीच तक्रार कोणी दूरच्या एखाद्या शेतीच्या गांवीं बसून केली असती तर तींत फारसें नवल नव्हतें. आम्ही मात्र हें चिंचवडांत बसून लिहीत आहों. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, १९६६ सालीं टेल्कोनें आपला पुण्याचा कारखाना या माळावर उभारावयास घेतला, आणि आकुर्डी, भोसरी, तळवडें, पुढें चाकण अशीं एकामागून एक गांवें यंत्रांच्या आवाजांत बुडालीं. येथील लहानशा गाळ्यांत दुसरें कांहीं नसलें तरी एक लेथ बहुधा असतेच. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत 'टर्नर' नांवाचा दोन वर्षांचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, आणि तो पुरा केलेले कित्येक तरुण रोज सकाळीं डबा घेऊन याच रस्त्यांनीं कामास जातात. ज्या गांवांत फिरत्या वस्तूवर हत्यार टेकवून आकार काढणें हा इतक्यांच्या पोटाचा धंदा आहे, तेथील सुशिक्षित घरांत या क्रियेचें ज्ञान जवळजवळ शून्य असावें ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. वाकड, पिंपळे सौदागर, मोशी येथील उंच इमारतींत राहणारे कित्येक गृहस्थ यंत्रशास्त्राचे पदवीधर आहेत. संगणकाच्या पडद्यावर त्यांनीं शेंकडों दंड काढले असतील. त्यांतील एकाचाही कीस त्यांच्या नखांत गेलेला नाहीं.

अलीकडे आमच्या परिचयाच्या पांच-सात घरांत लांकूड कातण्याची हौस उत्पन्न झाली आहे, ही आनंदाची गोष्ट होय. मोबाईलच्या पडद्यावर कोणी परदेशी गृहस्थ ओल्या लांकडाचे लांबच लांब वळे काढीत पाहतां पाहतां चकचकीत वाडगा सिद्ध करतो, आणि तें पाहून आमच्या मंडळींचे हात शिवशिवूं लागतात. हात शिवशिवणें उत्तमच. पण पुढें होतें काय? शिवशिवलेले हात तडक खिशांत जातात. लेथ मागविली जाते, आठ पटाश्यांची पेटी मागविली जाते, वाडगा धरावयाचा चार जबड्यांचा चक मागविला जातो, आणि गृहस्थ समजतो कीं आपला आरंभ झाला. आमचें म्हणणें आम्ही येथेंच उघड सांगून टाकतों. नवशिक्याची पहिली गरज यंत्र ही नसून धार ही आहे. ती लावतां येणारा माणूस या पट्ट्यांत आपल्या घरापासून दोन-तीन मैलांवर बसलेला आहे. आणि त्याच्याकडे न जातां आपण दुकानाकडे जातों याचें कारण पैशांत किंवा वेळांत नाहीं, तें आपल्या अंगीं मुरलेल्या एका जुन्या शिष्टपणांत आहे.

दुसऱ्यांस नांवें ठेवण्यापूर्वीं आपला अपराध कबूल करणें बरें. आम्हीं स्वतः असाच आरंभ केला. एक लहान लेथ विकत घेतली, पंधरा दिवस रात्रीं जागून मोबाईलवर कातकाम पाहिलें, आणि एका रविवारीं गॅलरींत मुहूर्त केला. लांकूड घेतलें तें बाभळीचें, वाळून दगड झालेलें. हत्यार घेतलें तें तिरक्या धारेचें, कारण पडद्यावरील गृहस्थाच्या हातीं तेंच शोभून दिसलें होतें. नवशिक्यास सर्वांत अधिक दगा देणारी पटाशी तीच, हें त्यानें सांगितलें असेल तर आम्हीं ऐकलें नव्हतें. पेटींतल्या पटाश्या दुकानांतून आल्या तशाच, धार न लावलेल्या होत्या. आम्हांस वाटलें, नवीन आहेत, तेव्हां धारदार असणारच! पाव मिनिटांत पटाशी लांकडांत रुतली, मूठ हातांतून हिसडली गेली, ठोकळा टोकांतून निसटून आमच्या कानाजवळून गेला आणि खिडकीची कांच घेऊन खालच्या वाहनतळावर पडला. तेथें त्या वेळीं कोणी नव्हतें हें आमचें भाग्य. त्यानंतर आठ महिने त्या लेथवर टॉवेल वाळत होते. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अशी टॉवेलांची लेथ असेल त्यांनीं लाजूं नये. त्यांस सोबत आहे.

आमचे डोळे उघडले ते भोसरीच्या एका गाळ्यांत. तेथें एक वृद्ध पॅटर्नमेकर बसतात. त्यांस सगळे मिस्त्री म्हणतात, आम्हीही तेंच म्हणतों. पॅटर्नमेकर म्हणजे काय हें या औद्योगिक नगरींतही पुष्कळांस सांगावें लागतें, म्हणून थोडें विषयांतर करतों. लोखंडाची ओतीव वस्तू करावयाची तर आधीं तिची हुबेहूब प्रतिमा लांकडांत करितात, ती वाळूंत दाबून तिचा ठसा उमटवितात, आणि त्या पोकळींत वितळलेला रस ओततात. पण निवतांना लोखंड आकसतें, दर मीटरास सुमारें दहा मिलिमीटर. सबब प्रतिमा तितकी मोठी करावी लागते, आणि पॅटर्नमेकराची मोजपट्टी बाजारांतल्या मोजपट्टीहून तेवढ्याच प्रमाणांत लांब असते. शिवाय वाळू न ढासळतां प्रतिमा वर काढतां यावी म्हणून तिच्या बाजूंस किंचित् उतार द्यावा लागतो. कप्पी, झडपेचें शरीर, नळाची कड, असें जें जें गोल, त्याची प्रतिमा लांकडी लेथवर, हातांत पटाशी धरून कातलेली असे. ज्या लोखंडाचा या पट्ट्यास एवढा अभिमान, त्यांतील ओतीव लोखंडाचा पहिला अवतार कित्येकदां सागवानाचा होता! आतां प्रतिमा पुष्कळ ठिकाणीं संगणकाच्या आज्ञेनें चालणारें यंत्र राळेच्या ठोकळ्यांतून कोरतें, कोठें थर्माकोलाची करितात. म्हणून मिस्त्रींची लेथ दुपारनंतर बहुधा रिकामी असते.

आम्हीं आपली पेटी मोठ्या ऐटीनें त्यांच्यापुढें उघडली. त्यांनीं एक पटाशी उचलली, अंगठ्याच्या नखावर तिची धार टेकवून पाहिली. ती नखावरून सरळ घसरली. "साहेब, ही पटाशी म्हणायची कीं चमचा?" एवढेंच ते बोलले. पुढले तीन दिवस त्यांनीं आम्हांस लेथचें बटण दाबूं दिलें नाहीं. सकाळ-संध्याकाळ सहाणेचें चाक आणि आम्ही. धारेमागचा उतार चाकावर अलगद टेकवावा, दाबूं नये, मनगट न हलवितां सबंध अंग फिरवावें, ठिणग्या धारेच्या वरच्या अंगानें येऊं लागल्या म्हणजे थांबावें. तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं आमच्या पटाशीनें नखाचा बारीक पापुद्रा काढला तेव्हां मिस्त्री म्हणाले, "आतां मशीन लावा." मग कळलें कीं लांकूड कातणारा मनुष्य दर थोड्या मिनिटांनीं हातचें काम सोडून धारेकडे परततो. पडद्यावरील वाडग्यांत हा भाग कापून टाकलेला असतो, कारण तो पाहण्यास कंटाळवाणा आहे.

ठोकळा अंगावर कां येतो, याचें उत्तरही तेथेंच मिळालें. पटाशीची धार लांकडास एकदम लावावयाची नसते. प्रथम हत्यार टेकणीवर ठेवावें, मग धारेमागचा उतार फिरत्या लांकडावर नुसता घासूं द्यावा, आणि मूठ हळूहळू उचलावी, तों कीस निघूं लागतो. उतार लांकडावर टेकलेला असेपर्यंत धारेस आधार असतो. तो सुटला कीं धार एकटी पडते आणि लांकूड तिला ओढून नेतें. हें वाक्य वाचण्यास चार क्षण लागतात, हातास समजण्यास आम्हांस तीन आठवडे लागले. मिस्त्री मागें उभे राहून दोन बोटांनीं आमचें कोपर वर करीत. त्या दोन बोटांचें काम कोणत्याही चलच्चित्रास करतां येणार नाहीं.

येथें आमचे यंत्रज्ञ स्नेही मध्येंच म्हणतात, "आम्हांस लेथ ठाऊक आहे, कॉलेजांत कार्यशाळेचा तास होता." त्यांस आमचें सविनय सांगणें असें कीं तुम्हांस ठाऊक आहे ती निराळी लेथ. इंग्लंडांत हेन्री मॉडस्ले यानें १८०० सालाच्या सुमारास जी लोखंडी लेथ सिद्ध केली, तिची थोरवी हीच कीं तींत हत्यार माणसाच्या हातांतून काढून सरकत्या पकडींत घट्ट बसविलें. त्यामुळें अचूकपणा आला, एकसारखे स्क्रू निघाले, आणि आजची भोसरी व चाकण शक्य झालीं; हें ऋण कोण नाकारील? परंतु त्याच दिवसापासून लेथवरील माणसाचा हात चाकाच्या मुठीवर गेला. लांकडाच्या लेथवर ती पकड नाहीं. तेथें मनगट, कोपर, कंबर आणि पायांची ठेवण हीच पकड. पदवी घेतलेला मनुष्य तेथें शून्यापासून आरंभ करतो, आणि दहावी न झालेला मुलगा त्याच्या आधीं शिकून जातो, हा आम्हीं डोळ्यांनीं पाहिलेला प्रकार आहे. गणित मात्र कामास येतें: ठोकळ्याचा व्यास इंचांत घ्यावा, त्यास मिनिटाच्या फेऱ्यांनीं गुणावें, गुणाकार सहा ते नऊ हजारांच्या दरम्यान असावा, असा एक रूढ अडाखा आहे. नवशिक्यानें त्याच्याही पुष्कळ खालीं राहावें. चौकोनी ठोकळा गोल होईपर्यंत तर खासच.

आतां काय कातावें? वाडगा मुळींच नव्हे. वाडग्यांत लांकडाच्या शिरा आंसाला आडव्या येतात, प्रत्येक फेऱ्यांत दोनदां त्यांचीं उभीं टोकें हत्यारास भिडतात. आणि ठोकळा गोल करावयाची जी रुंद खोलगट पटाशी, ती वाडग्यावर चालविली तर तिचा दांडा मुठीपाशीं मोडूं शकतो. पहिलें काम लाटणें. हा सल्ला ऐकून आमचे कलाभिरुचिसंपन्न वाचक नाक मुरडतील. त्यांनीं आपल्या स्वयंपाकघरांत जाऊन लाटणें एकदां हातांत घ्यावें. पोटाशीं किंचित् फुगीर, दोहों टोकांकडे निमुळतें. ती फुग इतकी थोडी कीं डोळ्यास दिसत नाहीं, पण पोळीखालीं कळते. ती दोन्ही बाजूंस सारखी नसेल तर पोळी एकीकडे जाड राहते आणि फुगत नाहीं. दीड इंच जाडीचा, फूट-सवा फूट लांबीचा सरळ शिरांचा तुकडा दोन टोकांत धरावा, गोल करावा, मग जाडीकडून निमुळत्या भागाकडे, जणूं डोंगरावरून उतरावें तसें, हत्यार न्यावें. उलट चढाल तर शिरा उपटतात. एवढ्या एका वस्तूंत कातकामाचीं अर्धीं सूत्रें आहेत, आणि तिचा परीक्षक रोज सकाळीं ओट्यापाशीं उभा असतो, भिडेखातर स्तुति करीत नाहीं. आमचें पहिलें लाटणें "पापड वाळत घालतांना कागदावर ठेवायला बरें" या अभिप्रायासह परत आलें. चौथें ठेवून घेण्यांत आलें.

लांकडासाठीं दुकान नकोच. चाकणच्या कारखान्यांत यंत्रांचे भाग ज्या लांकडी पॅलेटांवर येतात, त्यांतील पुष्कळ पाइनचे असतात, आणि मोडल्यावर भंगारांत जातात. कुदळवाडीची भंगारपेठ महापालिकेनें २०२५ च्या फेब्रुवारींत जमीनदोस्त केल्यापासून पायपीट थोडी वाढली आहे, एवढेंच. पॅलेटवरील शिक्का मात्र पाहावा. 'एचटी' म्हणजे लांकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापविलेलें. 'एमबी' म्हणजे मेथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलें, तें घरांत आणूं नये. खिळे एकूणएक काढावे. पाइन मऊ व राळट असतें, त्याच्या जाड ठोकळ्यांतून भोंवरे छान निघतात. लाटण्यास आंब्याची किंवा शिसवीची सरळ फांदी बरी. पावसाळ्यांत सोसायटीच्या आवारांत फांद्या मोडून पडतात, त्या घ्याव्या. उभें झाड मात्र स्वतःच्या अंगणांतलें असलें तरी १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणें परवानगीवांचून तोडतां येत नाहीं. ओलें लांकूड कातण्यास लोण्यासारखें असतें, पण वाळतांना तडकतें. टोकांस मेण फांसून सावलींत ठेवावें. सागवानाचा मोह आरंभीं नको; त्यांत वाळूच्या जातीचे कण असतात व ते धार खातात. आणि जिवाची काळजी: चेहऱ्यावर पारदर्शक ढाल, नाकास मुखपट्टी, अंगांत आंखूड बाह्या, ओढणी, अंगठी, बांगडी, राखीचा दोरा, कांहीं नको. बटण दाबण्यापूर्वीं ठोकळा हातानें एक फेरा फिरवून तो टेकणीस अडत नाहीं ना, हें पाहावें.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशासाठीं? बाजारांत लाटणें शंभर-दीडशें रुपयांस मिळतें. मिळतें खरें. पण हाच न्याय आपण गाण्यास लावीत नाहीं. बाजारांत भीमसेनांचें गाणें मिळतें म्हणून मुलीची पेटी कोणी बंद करीत नाहीं. पेटीच्या शिक्षकांस फी आगाऊ देतों, त्यांस 'सर' म्हणतों, दारांत चपला काढतों. मिस्त्रींकडे आम्हीं आमच्याच इमारतींतील एका गृहस्थांस नेलें तेव्हां त्यांनीं निघतांना हळूच विचारलें, "यांना किती द्यायचं? चहापाण्याचं पुरे ना?" हा प्रश्न विचारणारे गृहस्थ कृपण नाहींत, रोबोटच्या वर्गास ते मुलामागें हजारों रुपये भरतात. त्यांच्या मनांत फक्त एवढें पक्कें बसलें आहे कीं जें पुस्तकांतून येतें त्याची फी असते, व जें हातांतून येतें त्याची मजुरी. लोकहितवादींनीं १८४८ ते १८५० या वर्षांत 'प्रभाकर' पत्रांतून ज्या वृत्तीवर कोरडे ओढले, ती हीच, दुमजली वाड्यांतून विसाव्या मजल्यावर राहावयास गेलेली.

बरें, मार्ग दाखविणारे या पट्ट्यांत झाले नाहींत असेंही नाहीं. तळेगांव दाभाडें येथें १९०८ सालीं पैसाफंडाचा कांच-कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांच्या खटपटीनें लोकांकडून एकेक पैसा गोळा झाला, जपानांत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथें शिकवावयास आले, आणि भट्टीपुढें काम करीत शिकणारीं मुलें तेथून बाहेर पडलीं. १९३७ सालीं वर्ध्यास गांधीजींनीं हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षण ही योजना मांडली. चाकणहून फार दूर नसलेल्या पाबळ गांवीं डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम काढून मुलांच्या हातांत करवत व वेल्डिंगचें हत्यार दिलें. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेंही सहावी ते आठवीच्या मुलांनीं दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्यापाशीं उमेदवारी करावी असें लिहून ठेवलें आहे. लिहून ठेवलें आहे खरें. पण त्या दहा दिवसांत मुलगा भोसरीच्या गाळ्यांत भुसा झाडीत उभा राहिला तर शाळेकडे पहिली तक्रार कोणाची जाईल? आमच्याच घरांतून जाईल.

इतकें लिहून झाल्यावर आम्हांस वाटलें होतें कीं आपला पक्ष अगदीं बळकट आहे. मग एके दिवशीं आम्हीं मिस्त्रींस सहज विचारलें, तुमचा मुलगा हें काम करतो कां? ते पटाशी पुशीत म्हणाले, "त्याला हात लावूं दिला नाहीं साहेब. हिंजवडीला बसतो, एसींत. तुमच्या पोराला शिकवीन, माझ्याला नाहीं शिकवलं." आम्ही गप्प बसलों. ज्याच्यापुढें दुसरी वाट नाहीं त्यास हातांनीं जगण्याचा उपदेश करणें आणि ज्याचें पोट भरलेलें आहे त्यास हौस म्हणून हातकाम सुचविणें, या दोहोंत केवढें अंतर आहे, हें त्या एका वाक्यानें आमच्या गळीं उतरविलें. आमचा शिष्टपणा त्यांच्या घरापर्यंत पोहोंचला होता. त्यांनीं त्याचा अर्थ आमच्याहून अचूक लाविला आणि मुलाला त्यांतून बाहेर काढलें. त्यांस दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. आम्हांस करतां येण्यासारखें होतें तें एवढेंच कीं दर शनिवारच्या दोन तासांची फी पेटीच्या शिक्षकांच्या फीइतकी ठरवावी, ती महिन्याच्या पहिल्या तारखेस द्यावी, आणि ज्यांस ती जड वाटते त्यांस तेथें नेऊं नये. असें आतां सहा महिने चाललें आहे. चौघेजण येतात, त्यांत एक सेवानिवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्यांची धार आमच्यापेक्षां बरी असते.

गेल्या शनिवारीं मिस्त्रींची नात डबा द्यावयास आली होती. वय दहाच्या आसपास. मुख्याध्यापिकाबाईंचा भोंवरा होईपर्यंत ती दारांत उभी होती. नंतर तिनें आजोबांस विचारलें कीं मला कधीं? मिस्त्रींनीं आमच्याकडे पाहिलें, उत्तर दिलें नाहीं, आणि लेथचा आंस तिच्या खांद्यापर्यंत येतो हें दाखवून म्हणाले, "उंची कुठं आहे तुझी." आंस कोपराच्या उंचीवर असावा लागतो, हें खरें आहे. येत्या शनिवारासाठीं आम्हीं पॅलेटच्या फळ्यांचा एक रुंद, भक्कम पाट ठोकून ठेवला आहे.